पाण्याला राखणदार द्या



पाण्यावरच्या या दोन दिवसांच्या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. धुळेकरांनी व्यवस्था चोख ठेवली आहे. दुपारच्या जेवणात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आहे असं कळलं, तेव्हा लांबलेल्या भाषणाची इथे गय होणार नाही हेही ओळखून आहे.

पाण्याचं काम करणाऱ्याने धुळे-जळगाव जिल्ह्यांत बोलायला उभं राहताना दोन नावं घ्यायलाच हवीत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले आणि उमेदवारीच्या काळात त्यांनी पांझरेच्या खोऱ्यात काम केलं. दुसरे माधवराव चितळे. जन्म आपल्या चाळीसगावचा, आणि १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला. दोघांना वंदन करून विषयाकडे वळतो.

पत्रिकेत 'बेटं आणि एकाकी वस्त्या' असा जोडविषय आहे. समुद्रापासून इतक्या दूर बेटं कुठली, असं कुणी विचारेल. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्याच्या उत्तर टोकाला श्रावणात जाऊन पाहा. नाल्याला पूर आला की पाडा चहूबाजूंनी तुटतो. नंदुरबार १९९८ पर्यंत आपल्याच धुळे जिल्ह्यात होतं. तिथल्या नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर सरदार सरोवराचं पाणी चढल्यापासून होडीनेच जावं लागतं. समोर अथांग जलाशय, आणि पिण्याचं पाणी डोंगराच्या खाचेतल्या झिऱ्याचं. याला बेट म्हणू नये तर काय म्हणावं?

आता प्रथेप्रमाणे बेटांवरच्या पाण्याचा आढावा. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या थरांतल्या तापमानाच्या फरकावर दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे. बर्म्युडात प्रत्येक घराने छपरावरचा पाऊस घराखालच्या टाक्यात साठवायचा, असा कायदाच आहे. मालदीवची राजधानी माले हिची गोष्ट उलटी आहे. सगळं शहर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यावर विसंबलेलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे आग लागली आणि लाखभर माणसांचे नळ कोरडे पडले. आपल्या देशाने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं.

हा आढावा मी इथेच थांबवतो. पुढचा भाग छापील प्रतीत जोडता येईल. अनेक वर्षं मनात असलेलं एक सांगायचं आहे, आणि असं व्यासपीठ मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

माझं म्हणणं असं. आपण पाण्याच्या योजना बांधल्या आणि पाणी राखणारा माणूस घालवला. खानदेशात हा माणूस होता. त्याला नाव होतं, काम होतं, मोबदला होता आणि अधिकारही होता. पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवरच्या फड पद्धतीत त्याला पाटकरी म्हणत. फडाचं कौतुक आपल्या प्रत्येक परिषदेत होतं. दगडी बंधारा, उताराने वाहणारा पाट, थळाचे, म्हणजे बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे, साधारण चार फड, एका फडात एकच पीक, कोणत्या वर्षी कुठल्या फडाला ऊस आणि कुठल्याला हंगामी पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तीनशे-चारशे वर्षं चाललेली व्यवस्था म्हणून आपण तिची चित्रं पडद्यावर दाखवतो. त्या चित्रांत बंधारा असतो, चारी असते. पाटकरी मात्र कधी दिसत नाही. फड टिकला तो दगडावर टिकला असं मानणाऱ्यांनी पांझरेवरचे बंधारे जाऊन पाहावेत. दगड अजून जागेवर आहेत. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाटकऱ्याचा मोबदला थकला आणि बऱ्याच थळांवरचा फड संपला.

पाटकऱ्याचा अधिकार काय असे, ते मी साक्री तालुक्यात नोकरीच्या सुरुवातीला पाहिलं. १९७२ च्या दुष्काळानंतरची ती वर्षं. गावातला एक वजनदार बागायतदार चारीवर आला आणि आपल्या उसाला आणखी तासभर पाणी सोड म्हणाला. पाटकरी हा गडी अंगाने वाळकुडा, हातात फावडं. त्याने दार बंद केलं आणि एवढंच म्हटलं, "तुमनी बारी काल सरनी. आते खालना वावरनी बारी शे." बागायतदार पुटपुटत परत गेला. पाटकऱ्याच्या मागे पंच होते, पंचांच्या मागे सगळं थळ होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाण्याच्या आधी पिकाची आणि क्षेत्राची शिस्त, हा तिचा गाभा. तरुणपणी फड पाहिलेल्या माणसालाच ते सुचू शकतं, असं मला कायम वाटत आलं आहे.

आता पाड्याकडे येतो. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या उतरणीवर एक पाडा होता. त्याचं पाणी म्हणजे नाल्याच्या वाळूतला एक झिरा. पावरा समाजातली एक म्हातारी तो सांभाळायची. पहाटे जाऊन गाळ काढायची, कडेचे दगड नीट लावायची, गुरं आत येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचं कुंपण घालायची. उन्हाळ्यात झिरा मंदावला की वाटीने पाणी भरावं लागे. तेव्हा कुणाचा हंडा आधी हे तीच ठरवायची, आणि तिच्याशी कुणी भांडत नसे. घरटी थोडी ज्वारी तिला मिळे.

मग तिथे हापसा आला. चांगला हापसा होता, पाणीही चांगलं होतं. पाड्याने म्हातारीची ज्वारी बंद केली, ते स्वाभाविकच. दोन उन्हाळे गेले आणि हापशाची साखळी तुटली. दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी, त्याच्याकडे शंभरावर हापसे आणि गाडी एक. अर्ज दिला, पुन्हा दिला. तोवर झिरा गाळाने बुजलेला, गुरांनी तुडवलेला. एक स्रोत बंद पडला होता आणि दुसरा आपण मोडून ठेवला होता. हापसा आणू नये असं मी कधीच म्हणणार नाही. हापसा आणताना त्या म्हातारीलाच चार पाने, एक साखळी आणि महिन्याचे पैसे का दिले नाहीत, एवढंच विचारतो. त्यावेळी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही." आजही मिळतं ते हेच.

अंदाजपत्रकात काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. पाइप असतो, टाकी असते, सौर पंप असतो, चाचणी असते, उद्घाटनाच्या पाटीसाठीही पैसे निघतात. पूर्वी माणशी ४० लिटरचा हिशेब होता. २०१९ साली जल जीवन मिशन आलं आणि तो ५५ लिटर झाला. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, तेही घरात नळाने. स्वप्न चांगलं आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण गट ग्रामपंचायतीचा वॉलमन राहतो मुख्य गावात, आणि पाडा घाटापलीकडे. त्याचा पगार पाणीपट्टीतून निघायचा, आणि पाणीपट्टी पाणी आलं तर निघायची. हा फेरा कागदावर कुणाला दिसत नाही. पाड्यावरच्या पोरालाही तो कळतो.

या दोन दिवसांत तीन वाद झडले. त्यांवर अध्यक्षाने बोलायची रीत आहे, म्हणून बोलतो.

पहिला वाद नाला खोलीकरणाचा. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी केलेलं काम मी पाहिलं आहे आणि त्यांच्या भूगर्भज्ञानाबद्दल मला आदर आहे. तापीच्या गाळात मातीचे घट्ट थर पाणी खाली जाऊ देत नाहीत, बेसाल्टात पाणी मुरमात आणि फटींतच मावतं. म्हणून नाला कुठे, किती खोल न्यायचा हे जागेवरच ठरायला हवं, हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य असावं. पण शिरपूरच्या बाहेर त्याची नक्कल झालेला एक नाला मी अनेक वर्षं पाहतो आहे. पहिल्या दोन पावसाळ्यांत विहिरी तुडुंब. तिसऱ्या वर्षी काठावर मोटारींची रांग लागली, मार्चमध्ये तळ उघडा पडला आणि गावात टँकर आला. खोली किती मीटर यावर आपण इथे दोन तास भांडलो. काठावर मोटारी किती, आणि त्या मोजायला कुणाला नेमलं आहे, असं एकानेही विचारलं नाही. तापी महापुनर्भरणाचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे २०२५ मध्ये केला. यावल-रावेरच्या पट्ट्यात पाणी जमिनीत उतरेल, उतरावंच. ते उपसणाऱ्या हातांवर लक्ष कोण ठेवणार, हे आधी ठरवा.

दुसरा वाद ठिबकचा. जळगावकरांना ठिबकबद्दल मी काय सांगावं! जगाला नळ्या पुरवणारं गाव ते. पण केळीच्या बागेत खारीने नळी कुरतडली तर दुपारपर्यंत ती जोडलेली असते. पाड्याची मुख्य वाहिनी फुटली तर दिवाळी उलटते. नळी तीच, प्लॅस्टिक तेच. बागेत रोज सकाळी फिरणारा माणूस आहे, कारण केळी पैसे देते. पाड्यावरच्या बाईची तहान पैसे देत नाही, म्हणून तिच्या वाहिनीवर कुणी फिरत नाही.

तिसरा वाद संवेदकांचा. तरुण सहकाऱ्यांनी काल मोबाइलवर टाकीची पातळी दाखवली. कौतुकास्पद काम आहे. अशाच एका टाकीच्या लोकार्पणाला मी गेलो होतो. भाषणं झाली, नारळ फुटला, नळाला पाणी आलं. मागे उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "चाबी कोनाजोडे शे?" व्यासपीठावरचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. किल्ली ठेकेदाराच्या माणसाच्या खिशात होती आणि तो संध्याकाळी नाशिकला निघणार होता. टाकी रिकामी आहे हे संवेदक धुळ्याला कळवेल. पाड्यावरच्या बाईला ते हंडा घेऊन उभं राहिल्यावर आधीच कळलेलं असतं. तिला टाकीवर चढणारा माणूस हवा आहे. मालेचा कारखाना आपल्या कोणत्याही योजनेपेक्षा आधुनिक होता, हे विसरू नका.

कायदे झाले नाहीत असंही नाही. सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा २००५ चा कायदा आहे, भूजलाचा २००९ चा कायदा आहे. संस्था आल्या, समित्या आल्या, ठरावांची पुस्तकं आली. रात्री दोन वाजता कंदील घेऊन चारीवर कोण जाणार, हा प्रश्न आपण गावाच्या सद्भावनेवर सोडला. सद्भावना पहिल्या वर्षी भरपूर असते.

जिथे राखण झाली तिथे काय होतं, तेही याच जिल्ह्यात पाहायला मिळतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा गुजरातच्या सीमेजवळचं, एका टोकाचं गाव. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलं. नियम गावाचे, दंड गावाचा, पहाराही गावाचाच. जंगल आलं, झरे जिवंत झाले, विहिरींना पाणी टिकलं. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यावर आपण सगळे त्यांच्या सत्काराला गेलो. धुळे तालुक्यात लामकानीला डॉ. धनंजय नेवाडकरांनी गावाला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीवर राजी केलं, तेव्हा उघड्या टेकड्यांवर गवत उभं राहिलं. पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात हे घडलं. तिथे चर, बांध, बंधारे सगळं झालं, पण चर खणून झाल्यावर कुणी घरी गेलं नाही. आम्ही अभियंते मात्र काम पूर्णत्वाचा दाखला मिळाला की घरी जातो. तो दाखला ज्या दिवशी मिळतो, त्या दिवशी खरं तर योजना सुरू झालेली असते.

करायचं काय, असं विचाराल. तपशील कार्यकारिणीने ठरवावा, मी दिशा सांगतो. प्रत्येक पाड्यावर एक पगारी पाणी-राखणदार असावा. तो पाड्याचाच असावा, शक्यतो बाई असावी. पाइपच्या खर्चातला काही हिस्सा बाजूला काढून त्याच्या व्याजावर तिचा पगार निघेल का, हे हिशेब जाणणाऱ्यांनी पाहावं. तिला प्रशिक्षण द्यावं, हत्यारांची पेटी द्यावी, आणि मोटार बंद करण्याचा अधिकार लेखी द्यावा. विद्यापीठाने आणि इथल्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी फडांचे जुने करार आणि पंचांच्या वह्या गोळा करण्याचं मनावर घ्यावं. पाटकऱ्याचं काम अंगाने केलेली माणसं आता थोडी उरली आहेत, त्यांना आधी भेटावं. आणि झिरा असेल तिथे नळ आल्यावरही झिरा राखावा. एकाच स्रोतावर वस्ती टांगून ठेवण्याचा परिणाम बेटांनी आपल्याला दाखवला आहे.

शेवटी शासनात, जिल्हा परिषदेत आणि संस्थांत काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच विनंती. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर अहवाल वाचाल, तेव्हा किती टाक्या बांधल्या आणि किती किलोमीटर वाहिनी टाकली, हे सांगू नका. पाड्याचं नाव सांगा, तिथल्या राखणदाराचं नाव सांगा, आणि त्याला मागच्या महिन्याचा पगार मिळाला की नाही, तेवढं सांगा. बाकीचा अहवाल लोक स्वतःच वाचतील.