होडीतली शिदोरी

वऱ्हाडातल्या बाळापूरच्या किल्ल्याखाली मन आणि म्हैस या नद्या एकत्र येतात. पुरात तिथं होडी घालणं जिवावरचं. पण थंडीत एखाद्या जलाशयावर वल्हवत जाऊन काठावर मुक्काम करायचा असेल, तर ओझं बेतानंच घ्यावं.

काठावर रोडगे भाजायचा मोह होईल, पण त्यांना गोवऱ्यांचा आर लागतो, आणि काटेपूर्णेसारख्या अभयारण्यात आग पेटवायला कायद्यानंच मनाई आहे. म्हणून मुक्काम बाहेर, परवानगीच्या जागी करा. सोबत तळहातावर मावणारा बर्नर आणि ब्यूटेनचा छोटा डबा घ्या. शून्य अंशाजवळ ब्यूटेनची पुरेशी वाफ होत नाही. वऱ्हाडातल्या थंडीत ती अडचण सहसा येत नाही. वारा अडवायला पत्रा लावा, पण डब्याला चहूबाजूंनी गुंडाळू नका. तापून तो फुटू शकतो. तंबूत तर बर्नर लावूच नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जेवणाचं म्हणाल, तर दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी असली की पहिल्या दिवशी गॅस लागतच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मूगडाळ-तांदूळ डब्यात भिजत टाका. रात्री झाकण ठेवलं की खिचडी लवकर शिजते. आणि निघताना सगळे डबे होडीला घट्ट बांधा.