पाटी आणि हातोटी

‘डॉक्टर’ अशी पाटी लावण्याचा अधिकार महाराष्ट्रात एकाच परिषदेच्या हाती नाही. एमबीबीएस झालेल्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत होते. बीएएमएस आणि बीयूएमएस झालेल्यांसाठी भारतीय वैद्यकाची परिषद वेगळी आहे आणि बीएचएमएस झालेल्यांसाठी होमिओपॅथीची वेगळी. फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीची परिषद २००२ च्या कायद्याने आली. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या पदव्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या असून प्रवेश ‘नीट’मधून होतो. परीक्षा १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. केंद्रात २०२० च्या दोन कायद्यांनी भारतीय वैद्यक आणि होमिओपॅथीच्या जुन्या परिषदा जाऊन आयोग आले. चरक-सुश्रुतांपासून हानेमानपर्यंतची पार्श्वभूमी या श्रोतृवर्गाला ठाऊक आहे असे धरून ती गाळली आहे. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म आणि तिथले वाकाटक, हा पाढाही वाशिमकरांपुढे वाचण्याचे कारण नाही. (हशा)

प्रस्तुत विवेचनाचा मुद्दा निराळा आहे. एमबीबीएसबाहेरच्या या क्षेत्रात स्थिर उत्पन्न आणि मान दोन्ही मिळवले ते हाताचे एखादे काम पुरते शिकलेल्यांनी. केवळ पाटी लावून बसणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा दुसऱ्या पॅथीची उसनवारी आली.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत राज्यातले चार जिल्हे आले, त्यांत वाशिम होता. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन थेट ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तोवरची तीन-चार दशके खेड्यातला ताप, जुलाब आणि बाळंतपणानंतरचा अशक्तपणा कोणी पाहिला, हे प्रत्येक बसथांब्याजवळच्या दवाखान्याच्या पाटीवर वाचता येते. तिथे बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधरच बसलेला असतो. त्याची टिंगल करणे शहरी माणसाला परवडते, खेड्यातल्या आजाऱ्याला परवडत नाही. (टाळ्या)

त्याची कायदेशीर स्थिती मात्र तितकीशी सरळ नाही. महाराष्ट्रात भारतीय वैद्यकाच्या पदवीधरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा १९९२ आणि १९९९ च्या शासन आदेशांनी मिळाली. होमिओपॅथीला ती नव्हती. मुंबईतील एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निष्काळजी ठरवले. राज्याने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून होमिओपॅथांसाठी एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमाची वाट काढली. त्या अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) आणि होमिओपॅथ पुन्हा समोरासमोर आले.

(या ठिकाणी श्रोत्यांतून चिठ्ठी आली : ‘मग बीएएमएसने सलाईन लावायचेच नाही का?’) चिठ्ठीचा रोख समजण्यासारखा आहे. सलाईन लावण्याबद्दल येथे कोणावर ठपका नाही. मात्र पाच वर्षे संहिता घोकून उमेदीची वीस वर्षे सलाईनच लावायचे असेल, तर शिक्षण आणि उपजीविका यांचा संबंध कुठे राहिला, हा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही पडलेला असावा. (हशा; मागील रांगेत कुजबुज)

सरकारी आणि निमसरकारी कामांत या पदवीधरांचा वाटा मोठा आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. प्रत्येक गाडीत डॉक्टर हे तिचे वैशिष्ट्य होते, आणि तो डॉक्टर बहुधा आयुषचा असे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. त्याच्या फिरत्या पथकात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात, सोबत औषधनिर्माता आणि परिचारिका. अंगणवाड्या वर्षातून दोनदा आणि शाळा एकदा तपासायच्या. ओठ फाटलेले, हृदयाला छिद्र असलेले, ऐकू न येणारे मूल घरच्यांच्या आधी अनेकदा या पथकाच्या नजरेला पडते. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यासाठी बीएएमएस किंवा परिचर्येच्या पदवीवर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करावा लागतो. मानधन दरमहा २५ हजार, शिवाय कामगिरीनुसार कमाल १५ हजार. यातील बहुतेक जागा कंत्राटी, म्हणून मुदतवाढीची वाट पाहणे हाही नोकरीचाच एक भाग होऊन बसतो.

आता हाताच्या कामाचे मुख्य उदाहरण. त्याला थोडा वेळ लागेल. भगंदर हा गुदद्वाराजवळचा नाडीव्रण. शस्त्रक्रियेने तो कापून काढला तरी पुन्हा उद्भवण्याची खोड त्याला आहे, आणि कापताना मलनियंत्रणाचा स्नायू दुखावला तर आयुष्यभराची लाजिरवाणी अडचण होते. सुश्रुतसंहितेत आणि चक्रदत्तात क्षार लावलेल्या सूत्राचा, म्हणजे क्षारसूत्राचा, उपाय आहे. तो शतकानुशतके जवळजवळ पोथीतच राहिला. १९६० च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दोरा प्रयोगशाळेत नव्याने बांधला. वीस नंबरचा लिननचा धागा चौकटीवर ताणायचा आणि त्यावर एकवीस लेप द्यायचे. पहिले अकरा फक्त स्नुहीच्या म्हणजे निवडुंगाच्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, म्हणजे एका दोऱ्यामागे तीन-तीन आठवडे जातात. चीक ताजा हवा, गोठला की वाया. दोरा व्रणाच्या मार्गातून ओवून गाठ मारायची. दर आठवड्याला जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधून तो ओढून घ्यायचा. दोरा हळूहळू मार्ग कापत जातो आणि मागून जखम भरत येते. रुग्ण एरवी चालता-फिरता असतो, हंगामात शेतावरही जाऊ शकतो.

गोष्ट इथे संपली असती तर ती परंपरेच्या अभिमानाची आणखी एक गोष्ट झाली असती आणि तिला टाळ्याही मिळाल्या असत्या. (हशा) भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मात्र या उपायाची अनेक केंद्रांवर शस्त्रक्रियेशी तुलना करून चाचणी घेतली. निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जखम भरायला क्षारसूत्राने आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. व्याधी उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. म्हणजे वेळ दुप्पट जातो, पण व्याधी कमी उलटते. आयुर्वेदाच्या दाव्यांपैकी फार थोडे अशा रीतीने तोलले गेले आहेत, आणि हे कबूल करण्यात आयुर्वेदाचा अपमान नाही. आघाडा आणि निवडुंग वाशिमच्या कुठल्याही बांधावर आहेत, हळद शेजारच्या वसमतला पिकते. दुर्मीळ आहे तो एकवीस लेप संयमाने देणारा हात. असा हात कमावलेल्या वैद्याकडे शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्याला सलाईनची बाटली टांगावी लागत नाही.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने आयुर्वेदातील शल्य आणि शालाक्य (डोळे, नाक, कान, घसा) या विषयांच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची नावानिशी परवानगी दिली, आणि ११ डिसेंबरला आयएमएने देशभर काम बंद ठेवले. त्या वादात दोन्ही बाजूंनी यादीवरून भांडण केले. वैद्याने शिकताना प्रत्यक्ष किती शस्त्रक्रिया केल्या, हे विचारणारे थोडे होते.

(अध्यक्षांनी वेळेची आठवण दिली.) नियोजित वेळेतला मोठा भाग एका दोऱ्याने खाल्ला, तेव्हा उरलेले भरभर घ्यावे लागेल.

पंचकर्मात वैद्य लिहून देतो, पण स्नेहन, स्वेदन आणि बस्तीची पूर्वतयारी परिचारकाच्या हातांवर चालते. त्या परिचारकाचे शिक्षण महाराष्ट्रात अजून विस्कळीत आहे. निसर्गोपचाराची परंपरा राज्यात जुनी आहे. पुण्याजवळ उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये उभा केला आणि मणिभाई देसाईंनी चालवला. या विषयाची साडेपाच वर्षांची बीएनवायएस पदवी आहे, परंतु २०२० चे कायदे तिला लागू नाहीत. प्रवेश घेण्याआधी राज्यातील नोंदणीची चौकशी करावी.

ऑक्युपेशनल थेरपीला खरे तर स्वतंत्र व्याख्यान हवे. ती भारतात आणली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नाने निंबकर झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात पहिली शाळा काढली, दुसरी १९५८ मध्ये विदर्भातच, नागपूरला. पक्षाघातानंतर बटण लावणे, भाकरी थापणे, विळा धरणे पुन्हा शिकवणे हे त्या शास्त्राचे काम. फिजिओथेरपीचे शिक्षणही पोलिओच्या काळात केईएममध्येच रुजले. दोन्ही पदव्या बराच काळ साडेचार वर्षांच्या होत्या. कंबर आणि गुडघे हे शेतमजुराचे पहिले आजार असूनही खेड्यात आजही हाडवैद्याकडे जावे लागते. काही हाडवैद्यांचा हात वाकबगार असतो, पण मोडलेल्या हाडावर बांधलेली घट्ट पट्टी रक्तप्रवाह तोडते आणि अवयव काळा पडतो, तेव्हा त्या हाताचा उपयोग उरत नाही.

डायलिसिस तंत्रज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट आणि आहारतज्ज्ञ हे व्यवसाय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली आले. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने यंत्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेण्याचे ठरवले. यंत्रापाशी चार तास उभा राहणारा तंत्रज्ञ मात्र वेगळा घडवावा लागतो. बारावीनंतर तो मार्ग बीएएमएसपेक्षा लवकर कमाईला लावतो. पालकांनी तो ‘डॉक्टरकी हुकली’ म्हणून स्वीकारू नये, एवढीच सूचना. ॲक्युपंक्चरला राज्यात स्वतंत्र कायदा आहे. इलेक्ट्रोहोमिओपॅथीला वैद्यकशास्त्र म्हणून मान्यता नाही, आणि सहा महिन्यांत पत्राद्वारे ‘डॉक्टर’ करून देणारी प्रमाणपत्रे कोणत्याही परिषदेच्या नोंदवहीत चढत नाहीत.