दोष कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधी दोघीजणी कायद्यावर बोलल्या. मी इंजिनावर बोलणार आहे. हसू नका. समोर टेबलावर जे काळं धूड ठेवलंय ते राजदूत मोटारसायकलचं, १७३ सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन आहे. दूधवाल्यांची गाडी म्हणून तुमच्यातल्या काहीजणींना ती आठवत असेल. आता ती कारखान्यातून निघत नाही. पण तिच्यापायी मी जे शिकले, ते आजही कामाला येतं.

१९९६ साली आमच्या संघटनेने भोर तालुक्यातल्या कामासाठी अशी एक जुनी गाडी घेतली. डोंगरातल्या वाड्यांना एसटी दिवसातून एकदा, पावसाळ्यात तीही नाही. बायकांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये वर्गणी काढली होती. इंजिन थकलेलं, म्हणून गॅरेजमध्ये पूर्ण उघडून बांधून घेतलं. ब्लॉक बोअर केला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, ऑइल सील सगळं नवं घातलं. गाडी चालवायची मी.

पहिल्या आठवड्यापासून ती त्रास देऊ लागली. थंड असताना पटकन सुरू व्हायची. पाच-सहा किलोमीटर गेलं की रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहायचं. बंद केली, तर गरम असेपर्यंत पुन्हा किक लागायची नाही. गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं, "इंजिन नवं आहे ताई. तुम्ही रेस फार देता. बायकांच्या हातात गाडी दिली की असंच होणार."

मग एका संध्याकाळी निरोप आला. एका बाईला सासरच्यांनी तान्ह्या लेकरासकट घराबाहेर काढलं होतं. "मी येते, तोवर कशावरही अंगठा देऊ नको," असा उलट निरोप धाडून मी निघाले. चढावर इंजिनाचा जोर गेला आणि चाक जागच्या जागी धरलं. पिस्टन जाम. रात्र रस्त्यावर काढली, पहाटे दुधाच्या टेम्पोतून पोचले. तोवर तिच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन झाला होता.

पुढच्या बैठकीत गाडी विकायचा विषय निघाला. "आपल्याला हे झेपणारं नाही," असं म्हणणाऱ्या आपल्याच होत्या. आणि खरं सांगते, मलाही वाटू लागलं होतं की माझ्याच हातात दोष असेल. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली.

गॅरेजवाल्याने घासलेला पिस्टन साफ करून, नव्या रिंगा घालून गाडी परत दिली. जाम का झाला, हे त्याने पाहिलं नाही. आधी मीही चूकच केली. घाईने एका दिवसात प्लग बदलला, पॉइंटचं अंतर बदललं, कार्बोरेटरचा मोठा जेट घातला. गाडी जरा बरी चालली. पण कशामुळे, ते कळेना. ताप का आला ते न बघता गोळी द्यावी, तसं झालं.

मग एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गेले. त्यांनी अंगणात मातीवर आकृती काढून सांगितलं. दोन-स्ट्रोक इंजिनात वेगळे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालची क्रँकची पोकळी भात्यासारखी पेट्रोल, ऑइल आणि हवा आत ओढते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर जळायला पाठवते. म्हणून ही पोकळी घट्ट बंद हवी. कुठे फट राहिली, तर कार्बोरेटरला वळसा घालून जास्तीची हवा आत शिरते. पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि ब्लॉकला धरतो.

काकांनी दोन नियम घालून दिले. सोप्यापासून सुरुवात करायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदललेली वहीत लिहायची. मी जुना जेट पुन्हा बसवला आणि वही उघडली.

पहिलं, ठिणगी. प्लग काढून ब्लॉकला टेकवला, किक मारली. निळी, ठसठशीत. ठीक.

दुसरं, पेट्रोल. पाइप काढून कॉक उघडला, धार अखंड. टाकीच्या झाकणाचं भोक मोकळं. जेट साफ. ठीक.

तिसरं, दाब. प्लगच्या भोकावर अंगठा धरून किक मारली. अंगठा उडाला. ठीक.

चौथं, प्लगचा रंग. गाडी चालवून, इंजिन बंद करून, निवल्यावर प्लग काढला. कोकोसारखा तपकिरी असेल तर जळण बरोबर. काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. आमचा पांढराफटक होता. म्हणजे हवा जास्त. पेट्रोल कमी पडलं तरी प्लग पांढरा पडतो, पण ते मी तपासलं होतं. शिवाय रेस सोडल्यावरही इंजिन ओरडत होतं, म्हणजे हवा दुसरीकडून येत होती.

कुठून? क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. क्लचच्या बाजूचं फाटलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. आमच्या गाडीला तसा धूर नव्हता, ऑइलची पातळीही जागेवर. राहिलं मॅग्नेटच्या बाजूचं.

तरी नुसत्या अंदाजावर गॅरेजवाल्याशी भांडायचं नाही, असं ठरवलं होतं. पुरावा हवा होता. आमच्या गटातल्या नर्सबाईंनी ब्लडप्रेशरचं डायलवालं यंत्र आणलं. पुलर लावून मॅग्नेट काढला. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं ट्यूबच्या रबराने बंद केली. जुना प्लग पोकळ करून त्याला यंत्राची नळी जोडली. पिस्टन तळाशी आणला, म्हणजे वरची आणि खालची पोकळी एक होते. मग फुगा दाबत काटा २५० वर नेला. हा दाब पाच पौंडांच्या आसपास भरतो. त्याहून फार वाढवू नका, चांगलं सीलही उचकटतं.

इंजिन घट्ट असतं तर काटा काही मिनिटं जवळजवळ हलला नसता. आमचा काटा बघता बघता शून्यावर आला. साबणाचं पाणी लावलं. पॅकिंगच्या जोडांवर काही नाही. मॅग्नेटच्या बाजूच्या सीलभोवती मात्र भराभर बुडबुडे.

ते तसंच गॅरेजवाल्याला बोलावून दाखवलं. त्याने बराच वेळ बुडबुडे पाहिले. सील काढल्यावर कारण दिसलं. बसवताना ते क्रँकच्या खाचेच्या धारेवरून तसंच ढकललं होतं. ग्रीस नाही, खाचेवर चिकटपट्टी नाही. आतली ओठासारखी रबराची कड कापली गेली होती. नवं सील नीट बसलं, प्लग तपकिरी झाला. त्याने माफी मागितली नाही. मजुरी मात्र घेतली नाही.

पुढच्या बैठकीत मी वही ठेवली. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही, पण त्या बाईचा अंगठा काही परत आला नाही. तिचा दावा तीन वर्षं चालला. मला तेव्हापासून एक सवय लागली. "तुमच्याच हातात दोष आहे," असं कुठल्याही बाईला कोणी म्हणालं, मग ते गॅरेजात असो, दवाखान्यात असो की चौकीत, की मी विचारते, तपासलं कोणी? कशाने? वहीत आहे का?

आता उद्याचं. सकाळी आठ वाजता आपण हे इंजिन तपासणार आहोत. नर्सताई ब्लडप्रेशरचं यंत्र आणतील, साबण मी आणते. यात मी एक दोष मुद्दाम ठेवला आहे. कुठे, ते सांगणार नाही. येताना वही तेवढी आणा.