लोक काय म्हणतील?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलले तसेच, थोडेफार सावरून लिहून काढले आहे.)



कमिटीने आम्हाला जे पत्र दिलं त्यात विषय लिहिला होता 'व्यक्तिमत्त्व विकास'. आम्ही आठवीत शाळा सोडलेले गिरणी कामगार. हा शब्द आम्ही आजवर फक्त क्लासच्या पाट्यांवर वाचलेला. सेक्रेटरींना विचारलं, बाबा, यावर आम्ही काय बोलावं? ते म्हणाले, तुम्हाला जे माहीत आहे तेच बोला. तेव्हा पुस्तकी व्याख्या सांगणार नाही. चार माणसं वागतात तसं वागणं सोडून माणूस स्वतःच्या डोक्याने वागू लागतो आणि त्याची किंमतही स्वतःच मोजतो, तेव्हा त्याचं काय होतं, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. तेही थोडंफार.

सुरुवात भगवंतापासून करू. सिद्धार्थ गौतमाने घर का सोडलं? म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सोडलं, असं लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही गोष्ट मान्य केलेली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे पटण्यासारखं आहे का? त्यांनी वेगळं कारण सांगितलं आहे, आणि ते आपल्यासारख्या कामगारांना ताबडतोब कळतं, कारण ते पाण्याचं भांडण आहे.

शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहायची. दोघांची शेती त्याच पाण्यावर. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या नोकरांची मारामारी झाली, दोन्हीकडे माणसं जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि कोलीयांवर युद्ध पुकारण्याचा ठराव मांडला. सिद्धार्थ विसाव्या वर्षी संघाचा सभासद झाला होता, हे त्याचं आठवं वर्ष. तो उभा राहिला. म्हणाला, आधी चौकशी करा, आपल्याही माणसांची चूक असल्याचं कानावर आहे. आपले दोन आणि त्यांचे दोन निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी भांडण मिटवावं. आपल्या युनियनमध्ये लवाद म्हणतात तसलाच प्रकार. मतदान झालं आणि सिद्धार्थाची सूचना मोठ्या बहुमताने पडली.

आता पुढचा भाग नीट ऐका. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. आदल्या दिवशी ज्यांनी युद्धाच्या विरुद्ध मत दिलं होतं ते दुसऱ्या दिवशी गप्प बसले. बहुमताच्या विरुद्ध जाण्याचा परिणाम त्यांना माहीत होता. उघड बोलला तो एकटा सिद्धार्थ. मी सैन्यात जाणार नाही, म्हणाला. सेनापतीने सांगितलं, कोसलच्या राजाच्या परवानगीशिवाय आम्हाला तुला फाशी देता येत नाही की हद्दपार करता येत नाही, पण तुझ्या घराण्यावर बहिष्कार घालता येतो, जमिनी जप्त करता येतात.

बहिष्कार म्हणजे वाळीत टाकणं. हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही.

अशा वेळी दोन वाटा सोप्या होत्या. एक, मान खाली घालून भरती व्हायचं. दुसरी, मी खरा आहे, घरच्यांचं काय व्हायचं ते होवो, म्हणायचं. सिद्धार्थाने दोन्ही घेतल्या नाहीत. तो म्हणाला, अपराध माझा आहे, शिक्षा मला द्या, माझ्या घरच्यांना उपाशी मारू नका. मी परिव्राजक होऊन देश सोडून जातो. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं ते गिरणीच्या कॅन्टीनमध्ये, आणि दोनदा वाचलं. कारण नाही म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. नाही म्हणून त्याचं बिल स्वतःच्या नावावर लावून घेणारे फार थोडे.

आता आमच्या घरात येऊ. आमचे आजोबा गिरणीत त्रासन खात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर कांडी संपली की धोट्यात नवी कांडी घालून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धोटा बाकीच्यांना चालत नसे. लाल बावट्याखाली सगळे कामगार एक म्हणायचे, पण धोट्यापाशी एकी संपायची. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की हा अन्याय दूर करण्याची मागणीही घ्या. तेव्हा कुठे त्यांनी ती नाखुशीने घेतली. आजोबा हे सांगताना आवाज चढवत नसत. नुसते ओठांवर बोट ठेवून दाखवत.

हेच आजोबा 7 डिसेंबर 1956 ला दादर चौपाटीवर त्या महासागरात उभे होते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथे दीक्षा दिली, ती त्यांनी घेतली. घरी येऊन देव्हारा उचलला आणि समुद्रात सोडून आले. असं त्या दिवसांत घरोघर झालं. पण आमच्या आजीने खंडोबाचा एक टाक तांदळाच्या डब्यात तळाशी लपवून ठेवला होता. बावीस वर्षं! 1978 साली डबा घासायला काढला तेव्हा तो खणकन खाली पडला. आम्ही दहा वर्षांचे होतो, समोर होतो. आम्हाला वाटलं, आता आजोबा घर डोक्यावर घेणार. ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, का ठेवलास? आजी म्हणाली, "तुम्ही दीक्षा घेतली ती तुम्ही घेतली. मला कुणी विचारलं होतं? माझी दोन पोरं गेली होती, मला भ्या वाटायचं." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं. तुझं तू ठरव."

टाक पुन्हा डब्यात गेला. दोन-तीन वर्षांनी एक दिवस आजीने तो मोडवाल्याला घातला, आलेल्या पैशांचा गूळ आणला आणि आम्हा पोरांना दिला. का घातलास, असं आम्ही विचारलं. म्हणाली, आता भ्या वाटत नाही. आमच्या मते आजीचं धम्मांतर त्या दिवशी झालं, 1956 ला नाही. काही जणांना हे बोलणं आवडणार नाही, पण आम्ही पाहिलं ते सांगतो.

1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आमचे बाबा. त्यातून आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे 1988 साली आम्हीसुद्धा गिरणीत बदली लागलो, साचेखात्यातच. आजोबा तेव्हा नव्हते.

गिरणीत दसऱ्याला मशिनची पूजा व्हायची. वर्गणी, नारळ, टिळा. आम्ही पहिल्याच दसऱ्याला वर्गणी दिली नाही आणि टिळा लावून घेतला नाही. जॉबर म्हणाला, फार शहाणा झालास. पुढचे तीन महिने आम्हाला आठवड्यात दोन-दोन दिवसच बदली मिळाली. चाळीत आमचं नाव झालं. जयंतीच्या सभेत कुणीतरी आमचा उल्लेखही केला. आमची छाती फुगली.

आणि पगाराच्या दिवशी आम्ही त्याच छातीने गुत्त्यावर जायचो.

बंधूंनो, हे सांगायलाच आम्ही आज उभे आहोत. परक्याचा टिळा नाकारायला धाडस लागतं हे खरं. पण आपल्याच दोस्ताच्या हातातला ग्लास नाकारायला त्याहून जास्त लागतं. जॉबरला नाही म्हटलं तर समाज पाठीशी उभा राहतो, दोस्ताला नाही म्हटलं तर कोण उभा राहतो? बावीस प्रतिज्ञांतली ब्राह्मणाकरवी विधी न करण्याची प्रतिज्ञा आम्ही छातीठोक पाळत होतो, दारू न पिण्याची मात्र सोयीने विसरत होतो. कुणी विचारलंच तर कारणं तयार असायची. संपाने आमचं वाटोळं केलं, बदलीचं काम, जॉबर त्रास देतो, टेन्शन आहे. कारणं खोटी होती असं नाही. पण ग्लास उचलणारा हात जॉबरचा नव्हता.

1999 ची गोष्ट. मुलगी तिसरीत. शाळेच्या सहलीचे पैसे भरायचे होते. आम्ही सांगितलं, गिरणीने पगार दिला नाही. ती याच विहारात रविवारच्या वर्गाला यायची. ती आमच्या तोंडाजवळ आली, वास घेतला आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही चौथं शील मोडलंत की पाचवं?" तिने टोमणा मारला नव्हता हो. तिला खरंच हिशेब लागत नव्हता. तिची आई आतमध्ये भाकऱ्या थापत होती, तिचे हात थांबले. आम्हाला जी लाज वाटली ती आजतागायत पुसलेली नाही. मुलगी सहलीला गेली नाही.

दारू एका दिवसात सुटली, असं सांगून आम्ही टाळ्या घेणार नाही. गुत्ता मोठ्या गेटच्या रस्त्यावर होता, म्हणून आम्ही मागच्या गेटने यायला लागलो. वीस मिनिटं जास्त लागायची. पगाराचं पाकीट न फोडता मुलांच्या आईच्या हातात द्यायला लागलो. दोस्त म्हणाले, साधू झाला, बायकोचा बैल झाला. दहा वर्षांची दोस्ती दोन महिन्यांत तुटली आणि खरं सांगतो, फार एकटं वाटलं. दोनदा घसरलो. त्यातला एकदा 14 एप्रिलच्या रात्री, मिरवणुकीनंतर. कमिटीने हे छापावं की गाळावं ते ठरवावं, आमची हरकत नाही.

मोकळ्या झालेल्या संध्याकाळी काय करायचं, हा प्रश्न होता. म्हणून रात्रशाळेत नाव घातलं. पोराएवढ्या मुलांशेजारी बसायचो. गणितात एकदा आपटलो, 2003 साली पास झालो. चर्नी रोडच्या सरकारी ग्रंथागारातून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड एकेक करून आणले. इंग्रजी खंड, शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाला एक पान. कधी अर्धं. वाचताना कळलं की कालामांना भगवंतांनी जे सांगितलं ते आपल्यालाही लागू आहे. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून नको, सांगणारा मोठा आहे म्हणूनही नको, अनुभवाने तपासून हिताचं असेल ते घ्या. मग आम्ही आपल्याच चालीरीती तपासायला लागलो, तेव्हा समाजातले लोक आमच्यावर चिडायला लागले.

त्यातली एकच सांगतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, गिरणी थांबली, ती आमच्यासाठी पुन्हा सुरू झाली नाही. 2022 मध्ये मुलीचं लग्न ठरलं. ती आता नर्स आहे. तिने आणि आम्ही मिळून ठरवलं की लग्न याच विहारात, रविवारी सकाळी, बुद्धवंदना आणि परित्राण पाठ, आलेल्यांना पोहे आणि चहा. हॉल नाही, बँजो नाही, आहेर नाही, कर्ज नाही. जावयाकडची मंडळी कबूल झाली. अडलं आमच्याच घरात. आमचे थोरले बंधू म्हणाले, "घराण्यात असं मयताच्या चहासारखं लग्न झालं नाही. लोक काय म्हणतील? पाच लाख काढ, मी जामीन राहतो." दादांनी संपाच्या काळात आम्हाला खाऊ घातलं आहे, फाटकी चप्पल घालून आम्हाला नवी घेतली आहे. त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही कधी गेलो नव्हतो. आम्ही म्हटलं, दादा, हप्ते मला फेडायचे आहेत, लोकांना नाही. ते उठून गेले. लग्नाला आले नाहीत.

मुलीने कन्यादानालाही नकार दिला, म्हणाली, मी दान द्यायची वस्तू आहे का? आम्हाला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. लग्न पावणेदोन तासांत आटोपलं. पोहे मात्र कमी पडले, हा दोष आमचा. माणसं मोजताना चुकलो.

त्या लग्नानंतर चाळीत आणखी काही लग्नं या विहारात झाली. पण त्याचं श्रेय आम्ही घेत नाही, हॉलचं भाडं वाढलं हेही कारण आहे. दादांच्या बाबतीत आम्ही चुकलो का, हे आम्ही रोज स्वतःला विचारतो. निर्णय चुकला असं वाटत नाही. तो सांगायची पद्धत चुकली असावी. सिद्धार्थाने आधी आई-वडिलांना सांगितलं, यशोधरेला सांगितलं, तिचा होकार घेतला, मग निघाला. आम्ही दादांना पत्रिका छापून झाल्यावर सांगितलं. आजोबा आजीला चुकलं म्हणाले होते, तेवढं आम्हाला दोन वर्षांत म्हणता आलेलं नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, थांबतो. दादा आज सभेला आले आहेत, मागे पाण्याच्या पिंपाजवळ बसलेत, आम्ही मघापासून पाहतोय. दादा, चुकलं माझं. कार्यक्रम संपला की लगेच जाऊ नका, चहाला थांबा.

जयभीम! नमो बुद्धाय!