रिपोर्ट निगेटिव्ह, पण पाय उचलेनात

(खामगाव येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रांनो, मला इथे बोलावलं तेव्हा मी म्हणालो की मी काही डॉक्टर नाही. उत्तर मिळालं, "रुग्ण म्हणूनच बोल." म्हणून आज एका कागदाबद्दल बोलतो. अँटिबॉडीचा रिपोर्ट. आमच्या घरात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा आम्ही तो चुकीचा वाचला.

जानेवारी 2025 मध्ये मी पुण्यात सिंहगड रस्त्याजवळ खोली घेऊन राहत होतो. शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस गळत होते, आपला जिल्हा रोज बातम्यांत होता. अब्बू फोनवर तेच सांगायचे. इकडे मला जुलाब झाले, थांबले, आणि आठवड्याभराने पायांना मुंग्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. तिसऱ्या दिवशी मित्रांनी उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय जागचा हलला नाही. नसांची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. निदान निघालं गुलेन बॅरी सिंड्रोम, जीबीएस. पुण्याच्या त्या साथीत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला.

यात होतं काय? जिवाणूशी लढायला शरीर अँटिबॉडी तयार करतं. पण या जिवाणूच्या आवरणाचा एक भाग आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या पदार्थासारखा असतो. अँटिबॉडी फसतात आणि आपल्याच नसांवर हल्ला करतात. याच अँटिबॉडी रक्तात शोधायची टेस्ट असते. माझीही केली गेली. रिपोर्ट यायला दिवस लागणार होते. डॉक्टरांनी त्याची वाट पाहिली नाही, आयव्हीआयजीची इंजेक्शनं सुरू केली. पाच दिवस.

रिपोर्ट आला. निगेटिव्ह. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो गेला आणि एका नातेवाइकाने विचारलं, "निगेटिव्ह आहे तर मग आजार कसला? एवढा पैसा कशात गेला?" त्या पैशात अब्बूंचं अख्खं सोयाबीन होतं. अब्बू काही बोलले नाहीत, पण त्यांची ती शांतता मला मुंग्यांपेक्षा जास्त टोचली. मलाही वाटू लागलं, मी उगाच तर पडून नाही ना? चार दिवस मी व्यायाम केला नाही.

मग डॉक्टरांनी अब्बूंना बसवून समजावलं. जीबीएसच्या बऱ्याच रुग्णांत या अँटिबॉडी सापडतच नाहीत. लॅब ठरावीक अँटिबॉडी शोधते. यादीत नसलेली रक्तात असली तरी तिला दिसत नाही. म्हणून निदान ठरतं ते लक्षणांवर, तपासणीवर, नसांच्या टेस्टवर आणि पाठीतल्या पाण्यावर. नसांची टेस्टसुद्धा पहिल्या काही दिवसांत नॉर्मल येऊ शकते. निगेटिव्हचा अर्थ एवढाच की शोधलेली वस्तू सापडली नाही. आजार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी चूक याच्या उलट झाली. मी घरी आलो तेव्हा अम्मीच्या तळपायांची आग होत होती. "मलाही तेच झालं," म्हणून ती रडली. आम्ही घाईघाईने एका लॅबचं महागडं पॅकेज केलं. त्यात एएनए नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, 1:80. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला. 1:80 इतकी एएनए धडधाकट माणसांतही साधारण दहातल्या एकाला सापडते, असं त्यांनी सांगितलं. मग अम्मीच्या अंगठ्यावर कंपन करणारा चिमटा टेकवला. तिला कंपन जाणवलंच नाही. त्यांनी विचारलं, शुगरची गोळी कोणती, किती वर्षं? मेटफॉर्मिन, नऊ वर्षं. बी-12 तपासलं, खूप कमी निघालं. आपण म्हणतो, आम्ही मटण खाणारी माणसं, आम्हाला कसली बी-12 ची कमतरता! पण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की खाल्लेलं बी-12 अंगी लागणं कमी होतं. शुगर स्वतःही नसा खराब करते. अम्मीला बी-12 सुरू झालं, शुगर आवरली. आग पूर्ण गेली नाही, पण आता ती रात्री झोपते.

मग अँटिबॉडी टेस्ट निरुपयोगी आहे का? नाही. डोळ्यांची हालचाल बिघडली, तोल जाऊ लागला, तर जीक्यूवन-बी ही अँटिबॉडी निदानाला मोठा आधार देते. सीआयडीपी हा नसांचा दीर्घ आजार आहे. त्यासारखी लक्षणं असलेल्या थोड्या रुग्णांत न्यूरोफॅसिन किंवा कॉन्टॅक्टिनविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. त्यांना आयव्हीआयजी सहसा नीट लागू पडत नाही, औषध बदलावं लागतं. तिथे हा रिपोर्ट खरोखर दिशा देतो.

आणखी एक गोष्ट. आयव्हीआयजी हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. त्यांच्या अँटिबॉडी काही काळ आपल्या अंगात फिरतात. म्हणून नंतर केलेल्या टेस्टमध्ये, उदाहरणार्थ कावीळ-बीच्या, दुसऱ्याचीच अँटिबॉडी आपल्या नावावर दिसू शकते. रक्ताचे नमुने आधी घेतलेले बरे, आणि लॅबला आयव्हीआयजीची तारीख सांगावी. ते हजारो लोक कोण, कुठल्या जातीधर्माचे, मला माहीत नाही. त्यांच्यामुळे मी आज तुमच्यासमोर उभा आहे. रक्तदान शिबिर असेल तेव्हा हे आठवा.

तेव्हा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ही टेस्ट कशासाठी केली? निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार आहे का? आणि माझ्या लक्षणांशी हा निकाल जुळतो का? टेस्ट करण्यापूर्वीच विचारले तर पैसेही वाचतील. मोठ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते त्यांना पहिल्याच दिवशी विचारा. कातडीवर बधिर चट्टा असेल तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगही नसा बधिर करतो, आणि त्याचं औषध तिथे मोफत मिळतं.

आणि पायांतली कमजोरी वर चढू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर कोणत्याही रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

मी आता चालतो. पावलं अजून थोडी बधिर आहेत. ती टेस्ट पुन्हा करून पाहावी असं मला कधी कधी वाटतं. डॉक्टर म्हणतात, "त्यातून काही कळणार नाही. जिना चढून दाखव." आज हा वरचा मजला मी कठडा न धरता चढलो. अब्बू खाली उभे राहून बघत होते.