चुकून आलेली वस्तू : ग्राहकाचा हक्क आणि कर्तव्य
(भाषणाचा मजकूर)



म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडण्याहून वा डिचोलीहून गिऱ्हाईक येते. गर्दीच्या धांदलीत विक्रेतीकडून दहा रुपये अधिक परत आले, तर ते गिऱ्हाईक तिथल्या तिथे ते तिच्या हातावर ठेवते. तिचे कष्ट त्याच्या डोळ्यांसमोर असतात. आज खरेदीचा मोठा भाग मोबाईल फोनवरून होऊ लागला आहे. पार्सल दारात येते. विक्रेता मात्र कधीच दृष्टीस पडत नाही. अशा वेळी मागविला एक मिक्सर आणि आले दोन, तर काय करावे, हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतील घरांतही उभा राहतो.

ह्या प्रश्नावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींच्या मते चूक विक्रेत्याची, सबब वस्तू आपली. इतर काहींना उलट भीती वाटते, की कळविले तर परत पाठविण्याचा खर्च आणि हेलपाटे आपल्याच माथी येतील. कायदा पाहिला, तर ही दोन्ही मते टिकत नाहीत.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३७ प्रमाणे, विक्रेत्याने ठरल्यापेक्षा अधिक माल पाठविल्यास ग्राहकास तीन मार्ग मोकळे असतात. ठरलेला माल ठेवून उरलेला नाकारावा, किंवा सगळाच नाकारावा, किंवा सगळाच स्वीकारावा. मात्र सगळा स्वीकारल्यास त्याची किंमत ठरलेल्या दराने द्यावी लागते. जास्तीची वस्तू फुकट मिळते, असे कायदा कोठेही म्हणत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७२ तर स्पष्टच सांगते, की चुकीने दिलेला पैसा वा वस्तू ज्याच्याकडे गेली, त्याने ती परत केली पाहिजे.

दुसऱ्या भीतीचे उत्तर मालविक्री अधिनियमाच्याच कलम ४३ मध्ये आहे. वेगळा करार नसेल, तर नाकारलेला माल ग्राहकाने स्वतः विक्रेत्याकडे पोहोचविण्याचे बंधन नाही. माल नाकारला, एवढे विक्रेत्यास कळविले की पुरे. तो नेण्याची व्यवस्था आणि खर्च विक्रेत्याने पाहावयाचा.

ह्या कर्तव्यास फौजदारी बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे, दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपल्या उपयोगात आणणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. नजरचुकीने वस्तू घरात राहिली, तर तो गुन्हा नव्हे. चूक कळल्यानंतरही लबाडीने ती वापरणे वा विकणे, हा त्यातील दोष होय.

परदेशातील नियम ऐकून काहींचा गोंधळ होतो. अमेरिकेत १९७० च्या टपालविषयक कायद्याने, न मागविता पाठविलेली वस्तू भेट समजण्याची मुभा घेणाऱ्यास दिली. ग्राहकांच्या गळ्यात नको असलेला माल मारून नंतर पैसे मागणाऱ्यांना आळा घालण्यासाठी तो नियम झाला. खऱ्या मागणीत झालेली प्रामाणिक चूक ही निराळी गोष्ट आहे आणि आपल्याकडे वर सांगितलेले कायदेच लागू होतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. समजा, पेडणे तालुक्यातील एका शाळेने वीस कंपासपेट्या मागविल्या आणि चाळीस आल्या. प्रथम बिलाशी नग पडताळून पाहावेत आणि पेट्यांची छायाचित्रे काढावीत. जास्तीच्या पेट्या न वापरता वेगळ्या बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात. ज्या अ‍ॅपवरून मागणी केली, त्यातच त्या मागणीचा क्रमांक देऊन लेखी कळवावे आणि तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे आवश्यक आहे. माणूस न्यावयास आला, तर वस्तू देऊन पावती घ्यावी. "ठेवून घ्या" असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्यावे. शाळा वा कार्यालय असल्यास जास्तीचे नग साठा नोंदवहीत आपले म्हणून चढवू नयेत. आले किती, परत गेले किती, ह्याची स्वतंत्र नोंद करावी.

पार्सलावर शेजाऱ्याचे नाव असेल, तर ते मुळीच उघडू नये. आणणाऱ्यास परत द्यावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. "जास्तीची वस्तू परत घ्यावयाची आहे" असे सांगून कोणी फोनवर ओटीपी वा बँकेची माहिती मागितली, तर ती देऊ नये. वस्तू परत करण्यास ओटीपी वा बँकेची माहिती फोनवर सांगण्याची गरज नसते. फसवणूक झालीच, तर १९३० ह्या क्रमांकावर त्वरित कळवावे. विक्रेता दाद देत नसेल वा जास्तीच्या वस्तूचे पैसे अन्यायाने वसूल करीत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही.

मोठ्या कंपनीस एका मिक्सरने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. परंतु अशा बाजारपेठांवर माल विकणारे अनेकजण लहान व्यापारी असतात, आणि एका वस्तूची किंमत त्यांच्या कित्येक विक्रींच्या नफ्याएवढी असू शकते. शिवाय घरातली मुले पाहत असतात. बाजारात दहा रुपये परत करणारा आपला बाप घरी आलेला दुसरा मिक्सर गुपचूप फळीवर ठेवतो, की विक्रेत्यास कळवितो, ह्यावरून ती प्रामाणिकपणाचा अर्थ शिकतात.

विक्रेता डोळ्यांआड असला, म्हणून व्यवहाराची रीत बदलत नाही. ग्राहकाने कळवावे, वस्तू जपून ठेवावी आणि नेण्याचा भार विक्रेत्यावर सोपवावा. कायद्याची अपेक्षा एवढीच आहे, आणि ती पार पाडण्यास ग्राहकास पदरमोड करावी लागत नाही.