पत मागेच राहते



आर्थिक अरिष्टामुळे देश सोडावा लागलेल्यांच्या हालांविषयी मी बोलणार आहे. मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम.ला चलनवाढीची व्याख्या पाठ केली होती. तिचा खरा अर्थ मात्र दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाचे वृत्त वाचताना उमगला.

हा तेलसंपन्न देश. १९७० च्या दशकात शेजारच्या कोलंबियातील लोक पोटासाठी तेथे जात. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले. किंमत-नियंत्रण व गैरकारभार यांनी उत्पादन आधीच पोखरले होते. पुढे अमेरिकी निर्बंधांची भर पडली. तेथील मध्यवर्ती बँकेच्याच आकड्यांनुसार २०१८ सालची महागाई १,३०,००० टक्क्यांवर गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर जानेवारीत १०० रुपये मीटरचे कापड डिसेंबरात १ लाख ३० हजार रुपये मीटर! आयुष्यभराच्या ठेवीची त्यात काय कथा? सीमेपलीकडील कुकुता शहरात त्या नोटा विणून केलेल्या पर्स पदपथावर विकल्या जात. नोटांपेक्षा पर्सलाच अधिक मोल होते.

२०२३ पर्यंत ७० लाखांहून अधिक लोक देशाबाहेर पडले होते. बसभाडे नसलेले पायी निघाले. कुकुताहून बोगोटा सुमारे साडेपाचशे किलोमीटर. कुकुता उष्ण, तर वाटेतील बेर्लिनचे पठार ३,००० मीटरहून उंच. अंगावर पातळ सुती कपडे, पायांत चपला, कडेवर मूल. त्या थंडीत सुती कापड किती टिकाव धरणार, हे मी तरी जाणतो. पाम्प्लोना गावातील काही रहिवाशांनी आपली घरे त्यांच्यासाठी उघडली, गरम अन्न व जुने लोकरी कपडे दिले. शेजाऱ्यांनी कुरकुर केली, तीही सोसली.

परंतु भूक व थंडी यांहून मोठी हानी मला पतेची वाटते. ओळखीचे गिऱ्हाईक ‘पैसे पुढच्या महिन्यात’ म्हणाले, तरी आपण ताग्यातून कापड फाडून देतो, कारण त्याचे वडील, घर, नोकरी आपणांस ठाऊक असते. परक्या मुलुखात हे सारे शून्य होते. शिक्षक, परिचारिका, अभियंते यांच्या पदव्यांना शिक्क्यांवाचून मान्यता नव्हती. पासपोर्ट मिळणेही दुर्घट होते. मग अभियंता बसमध्ये गोळ्या विकू लागला. धन्याने मजुरी बुडवली, तर कागदपत्रांवाचून दाद कोणाकडे मागावी?

२०२० च्या टाळेबंदीत रोजंदारी थांबली, भाडे थकले, घरमालकांनी बाहेर काढले. हजारो लोक त्याच रस्त्याने उलट पायी निघाले. आपल्याकडील महामार्गांवरही त्याच वर्षी असेच तांडे आपण पाहिले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोलंबियाने या निर्वासितांना १० वर्षांचा संरक्षित वास्तव्याचा दर्जा घोषित केला. त्या परवान्यावर रीतसर नोकरी धरता येऊ लागली, बँकेत खाते उघडता येऊ लागले. पुसलेले नाव पुन्हा एखाद्या वहीत लागले म्हणावयाचे. ३१ जानेवारी २०२१ नंतर आडवाटांनी आलेले मात्र त्यातून वगळले गेले.